फ्राउ शेफरचे वडील आणि माझी सही

"फ्राउ सबनीस, मी कबरीपाशी उभी आहे," फ्राउ शेफर फोनवर म्हणाल्या. "इथे एक बाई आल्यात आणि मला सारखं काहीतरी सांगतायत. मला फ्रेंच कळत नाही. तुम्ही बोला त्यांच्याशी."

मार्चमधली सकाळ होती. मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या ऑफिसमध्ये नुकतीच येऊन बसले होते. मी त्यांना फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि मग एका बाईचा. साठीच्या असाव्यात. रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या.

"मादाम, कृपा करून यांना समजावा. ही माझ्या काकांची कबर आहे. या जर्मन बाई इथे फुलं ठेवून 'पापा' म्हणत रडतायत. मला वाईट वाटतंय. पण माझे काका जर्मनीला कधी गेलेच नाहीत."

"सैन्यात असताना," मी म्हटलं. "तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती ना."

"कसली सेवा? लहानपणी पोलिओ झाला होता त्यांना. डावा पाय वाळलेला. सैन्यानं दारातूनच परत पाठवलं. जन्मभर काठी घेऊन चालले."

मधूनच फ्राउ शेफरचा आवाज येत होता. "काय म्हणतायत? फ्राउ सबनीस, काय म्हणतायत त्या?"

दुसऱ्यांची बोलणी भाषांतरित करणं हा माझ्या कामाचा भाग आहे. स्वतःची चूक मी त्या दिवशी पहिल्यांदा भाषांतरित केली.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण पुण्याला गेले की मला दर वेळी ते समजावून सांगावं लागतं. मी लोकांचे पूर्वज शोधते. जर्मनमध्ये याला आननफोर्शुंग म्हणतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की गुरुजी वही काढतात आणि पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. इथे ती वही सरकारी असते, आणि वाचून दाखवायला आमच्यासारखे लोक लागतात. मी पुण्यात फ्रेंच शिकले. नवऱ्याला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आले. जर्मन नंतर शिकले. फ्रान्सची हद्द इथून तासाभरावर. दोन्ही भाषा येणारं माणूस हवं म्हणून मला या ऑफिसात घेतलं. आम्ही चौघं आहोत. फ्रान्सच्या सगळ्या केसेस माझ्याकडे.

फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्याचं आपलं दप्तर असतं. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या, गावोगावच्या जनगणनेच्या याद्या. यातलं बरंचसं आता स्कॅन करून ऑनलाइन ठेवलंय. घरबसल्या, फुकट. पान उलटायला माउस पुरतो. फक्त एक अडचण आहे. जिवंत माणसांचं खासगीपण जपायचं म्हणून अलीकडच्या नोंदी ऑनलाइन टाकत नाहीत. म्हणजे पणजोबा पटकन मिळतात, आजोबा मिळतात, वडील मात्र मिळत नाहीत. त्यांच्यासाठी गावच्या नगरपालिकेला पत्र लिहावं लागतं आणि वाट बघावी लागते.

मोनिका शेफर आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना वडीलच हवे होते. वय अडुसष्ट. लांडाऊच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. लांडाऊला युद्धानंतर फ्रेंच सैन्याची मोठी छावणी होती. त्यांची आई छावणीजवळच्या लाँड्रीत कामाला. तिथे कपडे टाकायला येणारा एक तरुण शिपाई. पुढचं सांगायला नको. मूल व्हायच्या आत त्याची तुकडी अल्जीरियाच्या लढाईवर गेली. आईनं दुसरं लग्न केलं आणि त्या माणसाचं नाव घरात कधी काढलं नाही. शाळेत मुलं मोनिकाला "फ्रेंचाची पोर" म्हणायची, तेव्हा तिला कळलं.

आई गेल्यावर कपाटात एक फोटो सापडला आणि एक पोस्टकार्ड. फोटोमागे आईच्या अक्षरात "ईव" एवढंच. पोस्टकार्डावर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका खेड्याचा शिक्का, दोन ओळी आणि खाली सही, ईव. आडनाव मावशीनं सांगितलं. तिला ते "लेगोफ" असं आठवत होतं. म्हणजे ले गॉफ. ब्रिटनीत हे आडनाव आपल्या पाटील-कुलकर्ण्यांसारखं, दगड मारला तर ले गॉफला लागेल.

पण खेडं लहान होतं. मी त्या जिल्ह्याचं ऑनलाइन दप्तर उघडलं. युद्धाआधीच्या शेवटच्या जनगणनेत गावची घरं ओळीनं लिहिलेली होती. कुटुंबप्रमुख, बायको, मुलं, जन्मसाल. ले गॉफांची दोन घरं. पहिल्या घरात तीन वर्षांचा ईव. दुसऱ्या घरात दोन मुली आणि काही महिन्यांचं एक बाळ, पिएर. गावात ईव एकच. वय जुळत होतं. मला आठवतं, मी खुर्चीतच मागे रेलून "गेनाऊ!" म्हणाले होते, अगदी बरोबर.

मग मी मृतांची यादी बघितली. फ्रान्सचं सरकार देशात मरण पावलेल्या लोकांची यादी ऑनलाइन देतं. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, मृत्यूची तारीख. त्यात माझा ईव होता. काही वर्षांपूर्वी वारलेला, त्याच गावात. नगरपालिकेकडून त्याच्या जन्मनोंदीची प्रत मागवली. ती आली, सगळं जुळलं.

एक गोष्ट उरली होती. हा माणूस लांडाऊला होता याचा पुरावा. तो लष्कराच्या दप्तरात मिळाला असता, पण त्या वयाच्या शिपायांचे कागद ऑनलाइन नाहीत. अर्ज करावा लागतो आणि उत्तर यायला चार-पाच महिने लागतात.

मी हेर क्रेमरकडे गेले. आमचे बॉस. माणूस वाईट नाही, घाईचा आहे.

"लष्कराकडे अर्ज करते," मी म्हटलं.

"कशाला? नाव जुळतं, गाव जुळतं, वय जुळतं."

"तो लांडाऊला होता हे कुठेच लिहिलेलं नाही."

"पोस्टकार्ड आहे ना. हे बघा, फ्राउ सबनीस, त्या बाई अडुसष्ट वर्षं थांबल्यात. अजून पाच महिने थांबवायचं का त्यांना? आणि माणूस गेलेला आहे. आता कुणाला काय फरक पडतो?"

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा पटलं. ते मी कबूल करते. माणूस जिवंत असता तर मी हट्ट धरला असता. गेलेल्या माणसाची घाई नसते तशी काळजीही राहत नाही.

मी रिपोर्टमध्ये "बहुधा" असं लिहिलं होतं. पहिल्या पानावरच्या सारांशातून हेर क्रेमरनी तो शब्द काढला. "क्लायंटला बहुधा नको असतं, वडील हवे असतात." आत नवव्या पानावर तो शब्द राहिला. नववं पान कुणी वाचत नाही. खाली माझी सही होती.

फ्राउ शेफर रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे आता मला जायला जागा आहे," म्हणाल्या. दोन आठवड्यांनी त्या एकट्या गाडी चालवत ब्रिटनीला गेल्या. हजारेक किलोमीटर. मध्ये एक मुक्काम.

आणि आता त्या कबरीपाशी उभ्या होत्या.

मी त्यांना सांगितलं. शब्दाला शब्द. मग मी त्या पुतणीला विचारलं, "मादाम, तुमच्या नात्यात आणखी कुणी ईव होता का?"

"ईव? नाही." मग थांबून, "म्हणजे, पिएर होता. काकांचा चुलतभाऊ. कागदावर पिएर, पण त्याचे आजोबा पिएर, वडीलही पिएर. मग त्याला सगळे ईवच म्हणायचे, दुसऱ्या नावानं. काकांना 'छोटा पाय' म्हणायचे, म्हणून घोटाळा व्हायचा नाही."

"ते कुठे असतात?"

"काय माहीत. तरुणपणीच गाव सोडलं. गवंडीकाम करायचे. जमिनीवरून आमच्या दोन घरांचं बिनसलं ते बिनसलंच. चाळीस वर्षं बोलणं नाही."

भाऊबंदकी फक्त आपल्याकडे असते असं मला वाटायचं.

फ्रेंच माणसाला दोन-तीन पाळण्यातली नावं असतात आणि हाक कुठल्याही नावानं मारतात. हे मला माहीत होतं. मी नव्या लोकांना शिकवते ते. जनगणनेचं ते पान मी पुन्हा उघडलं. बाळ पिएर त्याच पानावर होता, चौदा ओळी खाली. त्या ओळीवरून माझी नजर गेली होती. मी ईव शोधत होते, म्हणून मला ईवच दिसला. मृतांच्या यादीत पिएर ईव ले गॉफ, ते गाव, ते साल, असं टाकून बघितलं. नाव नव्हतं.

याचा अर्थ तो जिवंत असण्याची शक्यता होती. नव्वदीला टेकलेला.

मी हेर क्रेमरच्या केबिनमध्ये जवळजवळ पळत गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग पहिलं वाक्य म्हणाले, "फ्राउ शेफरना या चुकीबद्दल लेखी काही पाठवलं नाहीत ना?"

"नाही. मी आजच नगरपालिकेला फोन करते. खऱ्या माणसाचा पत्ता..."

"थांबा. आधी वकिलांशी बोलू. ही आता लायबिलिटीची गोष्ट आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत या केसमध्ये कुणालाही फोन नाही, मेल नाही. क्लायंटला नाही, फ्रान्सला नाही."

"हेर क्रेमर, माणूस नव्वदीचा आहे."

"एवढी वर्षं जगलाय, दोन आठवड्यांनी काही होत नाही."

मी फोन केला नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. टेबलावर फोन होता, नंबर समोर होता, पाच मिनिटांचं काम होतं. घरून केला असता तरी चाललं असतं. पण बॉसनं नको म्हटलं आणि मी थांबले. इतकंच कारण आहे. चांगलं वाटेल असं दुसरं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं.

दोन आठवड्यांनी वकिलाचं पत्र आलं. रिपोर्टमध्ये "बहुधा" हा शब्द आहे, तेव्हा ऑफिसवर जबाबदारी येत नाही. चूक झाली असं कुठेही लिहू नये, दिलगिरी व्यक्त करू नये. शोध पुढे चालू ठेवायला हरकत नाही.

त्याच दिवशी मी नगरपालिकेकडे पिएर ईव ले गॉफच्या जन्मनोंदीची प्रत मागितली. फ्रेंच जन्मनोंदीला डावीकडे रुंद समास असतो. जन्म मधोमध लिहितात आणि पुढचं आयुष्य समासात. लग्न झालं की तिथे एक ओळ. घटस्फोट झाला की एक ओळ. मेला की शेवटची ओळ. आमच्या धंद्यात पहिली नजर समासावर जाते.

प्रत ईमेलनं आली. समासात दोन ओळी होत्या. एक लग्नाची, बायकोच्या नावासकट. दुसरी मृत्यूची. मृतांची यादी मी बघितली होती ती दोन आठवड्यांपूर्वी. मी तारीख बघितली, मग फोनमधला कॉल लॉग बघितला. फ्राउ शेफरनी कबरीवरून फोन केला त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला होता.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. भाकरी थापत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, ऑफिसात काही झालं का?"

मी सांगितलं. सगळं. मुलगी टेबलाशी गृहपाठ करत होती, तिनं मान वर करून जर्मनमध्येच विचारलं, "मग तो माणूस होता कुठे?"

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग त्या बाईची माफी मागितलीस का?"

"अहो आई, वकील म्हणाले दिलगिरी व्यक्त करायची नाही. उद्या कोर्टात गेलं तर..."

"माफी मागायला वकील कशाला लागतो?" त्या म्हणाल्या आणि परत परातीकडे वळल्या.

माफी मागायला लांडाऊला जाण्याआधी मला पुरी माहिती हवी होती. निधनाच्या जाहिराती फ्रान्समध्ये ऑनलाइन येतात. तिथे बायकोच्या नावावरून कुटुंब सापडलं. मुलगा, ल्यूक. त्याला मी पत्र लिहिलं. आमच्या कामात असं पत्र जपून लिहितात. "तुमच्या वडिलांच्या लष्करी काळाबद्दल एक कुटुंब चौकशी करतंय, बोलायची इच्छा असेल तर कळवावं." त्याचा फोन आठवड्यात आला. साठीचा माणूस, हळू बोलणारा.

"वडील लांडाऊला होते," तो म्हणाला. "एवढंच माहीत आहे. त्याबद्दल बोलायचे नाहीत. अल्जीरियाबद्दलही नाही."

मी मोनिका शेफरबद्दल सांगितलं.

"एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "ते वृद्धाश्रमात होते. शेवटच्या हिवाळ्यात तिथल्या नर्सशी जर्मनमध्ये बोलायला लागले. तोडकंमोडकं. तिला कळायचं नाही. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही त्यांना सांगायचो, पापा, नीट बोला."

"काय म्हणायचे?"

"कुणी लिहून ठेवलं नाही, मादाम."

शनिवारी मी लांडाऊला गेले. ऑफिसला न सांगता, स्वतःच्या तिकिटानं. फ्राउ शेफरनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. आधी माफी मागितली. मग सगळं ओळीनं सांगितलं. पिएर, पाळण्यातलं दुसरं नाव, चौदा ओळी, "बहुधा" शब्द कुणी काढला, सही कुणी केली. दोन आठवडे मी फोन का केला नाही तेही. मग तारीख सांगितली.

त्या शिक्षिका होत्या. ऐकताना त्यांनी एकदाही मध्ये तोंड उघडलं नाही. संपल्यावर दोनच प्रश्न विचारले.

"मी तिथे उभी होते त्या दिवशी ते जिवंत होते?"

"हो."

"कबरीपासून किती लांब?"

"बावीस किलोमीटर."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मला तिथेच सांगायला हवं होतं तुम्ही. दुसरा एक ईव आहे, म्हणून. मी दारोदार फिरले असते. मला भाषा येत नाही, पण माझ्याकडे फोटो होता."

हे खरं होतं. पुतणीचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं ते फक्त पोलिओपर्यंत. पिएरबद्दलचं "नक्की झालं की सांगू" म्हणून माझ्याकडेच ठेवलं. पुन्हा चूक नको म्हणून.

"मी एका अनोळखी माणसासाठी तासभर रडले," त्या म्हणाल्या. "आता खऱ्यासाठी रडू येत नाहीये. तुम्ही माफी मागायला आलात, ठीक आहे. मी ती घेत नाही. आता जा."

मी गेले. नॉयश्टाटला गाडी बदलताना मला लक्षात आलं की ल्यूकचा पत्ता आणि त्याचं फोनवरचं बोलणं टाइप केलेला कागद, आणि जन्मनोंदीची प्रत, माझ्या पिशवीतच राहिली. दोन्ही पोस्टानं पाठवली, सोबत पत्र न जोडता.

पुढचं मला ल्यूककडूनच कळलं. फ्राउ शेफरनी त्याला पत्र लिहिलं, शेजारच्या मुलीकडून भाषांतर करून घेऊन. आमच्या ऑफिसकडून नाही. त्यानं वडिलांचे दोन फोटो पाठवले, एक गवंड्याच्या थापीसकट आणि एक म्हातारपणीचा. भेटीला मात्र आत्ता नको म्हणाला. त्याची आई शहाऐंशीची आहे, तिला यातलं काही माहीत नाही, ती आहे तोवर नको. फ्राउ शेफरनी उत्तर दिलं की बरोबर आहे, मी अडुसष्टची आहे, बघू कोण आधी जातं.

जर्मनमधल्या त्या बोलण्याचं त्यानं त्यांना लिहिलं का, हे मी विचारलं. "नाही," तो म्हणाला. "ते सांगून काय मिळेल?" पण मी पोस्टानं पाठवलेल्या त्या कागदात ते लिहिलं होतं. म्हणजे त्यांना ते माझ्याकडून कळलंय, पोस्टाच्या पाकिटातून, एका टाइप केलेल्या ओळीत. हेही तोंडी सांगायला हवं होतं.

हेर क्रेमरना मी लांडाऊला गेल्याचं सांगितलं. ते चिडले, मग काही झालं नाही, कारण फ्राउ शेफर कोर्टात गेल्या नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये आता एक नवा रकाना आहे, "हाक मारायचं नाव". आणि सारांशाच्या पानावर वकिलाच्या सल्ल्यानं "बहुधा" हा शब्द जाड ठशात छापलेला येतो, केस कुठलीही असो. त्यामुळे आता तो शब्दही कुणी वाचत नाही.

मी नोकरी सोडली नाही. सोडणार होते, असं म्हटलं तर बरं दिसेल, पण तसं काही ठरवलं नव्हतं. एवढाच फरक पडला की शोधातला माणूस मृतांच्या यादीत सापडला की पूर्वी मला सुटल्यासारखं वाटायचं, काम संपलं असं. आता मी आधी हा तोच का, असा संशय घेते. आणि जिवंत असेल असं वाटलं, तर आधी फोन करते, मग बॉसला सांगते.